उजेडाआधीची ऊब

“दुपट्टा काढाच लागन का मॅडम?”

यमुनाबाई प्रयोगशाळेच्या दारात थबकल्या होत्या. मी त्यांच्यासमोर स्वच्छ अंगरखा, टोपी आणि मास्क घेऊन उभी. बाहेर नागपूरचा मे महिना माणसं भाजून काढत होता. विजेची लाइन सकाळीच गेली होती. आत बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राच्या काचेवर मी नुकताच छापलेला एक चौकोन, पोस्टाच्या तिकिटाएवढा, पिवळसर, जाळीजाळीचा, झाकणाखाली पडून होता.

“काढावा लागेल ताई. बाहेरची धूळ आत चालत नाही. पण लगेच मास्क लावायचाय, तोंड झाकलेलंच राहील.”

“आन् गळा?”

मास्क गळ्यापर्यंत येत नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे नुसते डोळे वर केले. मान वर होत नव्हती. गळ्यावरची कातडी जळून आकसली होती आणि तिने हनुवटी छातीकडे ओढून धरली होती. “मंग राहू द्या,” एवढंच म्हणाल्या आणि वळून जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या.

आता मोठी पंचाईत झाली. ज्यांच्यासाठी मी सरांची नाराजी ओढवून घेतली होती, त्याच दाराबाहेर बसून राहिल्या.

मी तेव्हा डॉ. बारलिंगे सरांच्या हाताखाली काम करत होते. आम्ही शाई बनवायचो. ती कागदावर उतरत नसे. माशाच्या कातडीतून कोलॅजन काढायचं, म्हणजे अंगातली कातडी, हाडं, सांधे धरून ठेवणारं प्रथिन; ते पातळ करून त्यात माणसाच्या जिवंत पेशी मिसळायच्या आणि यंत्राच्या बारीक सुईतून थरावर थर देत त्याची जाळी छापायची. जाळी म्हणजे मांडव. वेल चढतो तशा पेशी तिच्यावर चढाव्यात, त्यांनी आपली कातडी आपण विणावी आणि काम झाल्यावर मांडवाने गुपचूप विरून जावं, अशी सारी कल्पना. भाजलेल्या माणसांना स्वतःचीच कातडी सोलून लावावी लागते, आणि फार भाजलेल्यांकडे सोलायलाही काही उरत नाही. सरांनी त्यांच्यासाठी हे काम हाती घेतलं होतं. आमच्या मजल्यावर सदा रोहूचा वास दरवळे आणि बाकीचे विभाग आम्हाला ‘मच्छीबाजार’ म्हणत.

कोलॅजनची खोड अशी, की ते थंडीत पातळ राहतं आणि उबेत दह्यासारखं विरजतं. पण विरजायला वेळ लागतो, तोवर छापलेली जाळी पसरेल ही भीती. म्हणून आम्ही त्याच्या रेणूंना रसायनाने जणू हात बसवले होते. निळा उजेड पडला की हातात हात गुंफून सगळं जागच्या जागी घट्ट व्हावं. तो उजेड झेलायला बी व्हिटॅमिनमधलं पिवळं द्रव्य घालायचो. सांगायला इतकं सोपं. फक्त होत नव्हतं.

उजेड भरपूर दिला की जाळी कडक व्हायची आणि आतल्या पेशी मरायच्या. उजेड कमी दिला की पेशी ठणठणीत, पण जाळी चिमट्याने उचलायला जावं तर फुटक्या अंड्यासारखी ओघळायची. सर वैतागून म्हणायचे, “मांडव उभा राहिला तर वऱ्हाड मरतं, वऱ्हाड जगलं तर मांडव पडतो. लग्न काही लागत नाही.” त्यांचा एक दंडक होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. शाई बर्फात, खोली गार, आणि छापलं की लगेच उजेड. एसी बंद तर छपाई बंद.

या सगळ्याला लागणाऱ्या पेशी आम्हाला भाजलेल्यांच्या वॉर्डातून मिळत. डॉ. नसरीन काझी तिथल्या सर्जन. शस्त्रक्रियेत कातडीचे जे तुकडे कापून टाकावे लागतात, ते रुग्णाच्या संमतीने आमच्याकडे यायचे. संमती घ्यायला मी स्वतः जात असे. यमुना शेंडे मला तिथेच भेटल्या. पवनीजवळच्या एका गावात शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवायच्या. मी सांगितलेलं सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि म्हणाल्या, “न्या. फेकूनच देनार, तं कोनाच्या कामी आलेलं बरं. पन काय केलं ते मले दाखवाल का?”

“दाखवीन,” मी म्हणाले. अशी वचनं आपण चटकन देऊन टाकतो.

त्यानंतर बरेच महिने गेले. त्या दिवशी सकाळी डॉ. नसरीन यांचा फोन आला.

“हर्षदा, यमुनाबाई आल्यात तपासायला. मान सोडवायचं ऑपरेशन आता नकोच म्हणतायत. मी समजावून थकले. संध्याकाळच्या गाडीने पवनीला जाणार, आणि परत येतील असं मला काही वाटत नाही. पण तुझी आठवण काढली. ‘त्या मॅडमनी माझी कातडी नेली होती, तिचं काय झालं?’ म्हणे.”

“मॅडम, उद्या आमच्याकडे समिती येतेय.”

“उद्या त्या इथे नसतील. इथली परवानगी मी बघते, तू तुझं बघ.”

समिती म्हणजे आमच्या प्रकल्पाला पैसा देणाऱ्या खात्याची माणसं. ती येऊन काय करणार हे आम्हाला साधारण कळून चुकलं होतं. दाखवायला आमच्याकडे मेलेल्या पेशींच्या कडक जाळ्या होत्या आणि जिवंत पेशींचे चिखल होते. मी तर हैदराबादच्या एका कंपनीत नोकरी बघून ठेवली होती. घरी सांगितलं होतं. सरांना सांगायचं राहिलं होतं.

मी सरांच्या खोलीत जाऊन विचारलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“उद्या समिती. लाइन नाही. एसी बंद. आणि तू पाहुणे बोलावतेस?”

“पाहुण्या नाहीत सर. त्यांच्याच पेशींवर आपण काम करतोय. मी शब्द दिला होता.”

सरांनी खिडकीबाहेरच्या पांढऱ्या उन्हाकडे पाहिलं. मग चष्मा परत चढवून म्हणाले, “मी खाली कार्यालयात आहे. मला काही माहीत नाही.”

एवढं मला पुरे होतं. मी यमुनाबाईंच्या पेशी घेतल्या, बर्फात ठेवलेल्या शाईत मिसळल्या आणि उकाड्यातच एक छोटा चौकोन छापला. दंडक मोडत होते, पण हा तुकडा काही उद्या समितीपुढे ठेवायचा नव्हता. यमुनाबाईंना दाखवण्यापुरता होता. उजेड द्यायचं मुद्दाम बाकी ठेवलं. म्हटलं, त्यांच्यासमोरच देऊ. फाटकावरून रिक्षा आल्याचा निरोप आला, म्हणून तुकड्यावर झाकण ठेवलं, कडेला ओला कापूस ठेवला आणि खाली धावले.

आणि आता त्या जिन्यात बसल्या होत्या.

मी अंगरखा, टोपी कठड्यावर ठेवली आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

“रागावल्या का मॅडम?”

“नाही हो.”

“मले उन्हाळा बरा वाटते,” दुपट्ट्याची गाठ चाचपत त्या म्हणाल्या. “सगळ्याच बाया तोंड बांधून फिरतात. कोनी वळून पाहत नाही. पावसाचं पानी लागलं का मंग मी एकटीच बांधलेली उरते.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “तुमी कोनत्या गावच्या?”

“तुमसरची. तुमच्याच जिल्ह्यातली.”

“मंग घरच्याच!” पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत हसू दिसलं. मग विचारलं नसताना त्या आपणहून सांगू लागल्या. शाळेच्या शेडमधला गॅस कसा भडकला, लुगड्याने कसा पेट घेतला, गुरुजींनी पोत्याने कसं विझवलं. “पोट्टे यायचे होते अजून. तेवढं एक बरं झालं.”

“आणि आता ऑपरेशन का नको म्हणता?”

त्यांनी हात मांडीवर ठेवला. “इथली कातडी सोलली आन् गळ्याले लावली. पट्टी सोडली तं काळी पडलेली. डॉक्टरीनबाई मनते जंतू झाले. चांगली बाई हाय, मले वाईट वाटू नये मनून बोलते. पन मले मालूम हाय. जळाली तवाच माह्या कातडीतला जीव गेला. मेलेलं कितीदा लावान? आता दुसरी मांडी सोलतो मनते. मंग पोटरी. मी काय कोंबडी हाय?”

जंतुसंसर्ग म्हणजे काय, रक्तपुरवठा कसा लागतो, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते त्यांनी नसरीन मॅडमकडून ऐकलेलंच होतं, आणि त्यांचा त्यावर विश्वास नव्हता.

“तुमची कातडी मेलेली नाही ताई,” मी म्हणाले. “मी तिला खायला घालते.”

“मंजे?”

“तिच्या पेशी आहेत ना आत. एक दिवसाआड त्यांचं पाणी बदलते, खाणं देते. बाटलीत जागा पुरेनाशी झाली की दुसऱ्या बाटलीत हलवावं लागतं. इतक्या भराभर वाढतात.”

“थांबा. इथली मेली, आन् तुमच्या बाटलीतली वाढून राह्यली?”

“हो.”

“खोटं नोको बोलू बाई.” मॅडमची मी एकदम बाई झाले होते.

“चला, दाखवते.”

त्या लगेच उठल्या नाहीत. जिन्याच्या जाळीतून खालच्या कडुनिंबाकडे पाहत बसून राहिल्या. वरून कोणीतरी उतरून गेलं, त्याला वाट करून द्यायला अंग चोरलं. गावाकडच्या, शाळेच्या, सुनेच्या अशा काही गोष्टी बोलल्या. मी हूं हूं करत होते आणि मधूनच मला झाकणाखालचा चौकोन आठवत होता. एव्हाना त्याची पेज झाली असेल. होऊ दे, म्हटलं. या बाईला पायरीवर सोडून मी कुठे जाणार?

अखेर त्यांनी वळून पाठ माझ्याकडे केली. “सोडा गाठ. माहे हात मागं पुरत नाहीत.”

मी गाठ सोडली. दुपट्टा घडी करून त्यांनी मांडीवर ठेवला आणि माझ्या चेहऱ्याकडे बारकाईने पाहिलं. मी कशी बघते ते त्यांना बघायचं होतं. गळ्यावर कातडीचे दोर ताणल्यासारखे वळ होते, लालसर, चकाकणारे. वॉर्डात जाऊन जाऊन माझी नजर सरावली होती. मी टोपी त्यांच्या केसांवरून ओढली, मास्कचे पट्टे कानामागे अडकवले आणि म्हणाले, “या.”

आत काळे पडदे ओढलेले होते आणि हवा कोंदट, कोमट झाली होती. मी त्यांना यंत्रासमोर आणून झाकण काढलं.

“हे पिवळं काय?”

“हीच ती जाळी. माशाच्या कातडीतून काढलंय, आणि त्यात तुमच्या पेशी आहेत.”

“कोनता मासा?”

“रोहू.”

“मंग ठीक हाय,” त्या समाधानाने म्हणाल्या.

“आता हिच्यावर निळा उजेड टाकायचा. हे बटण. तुम्हीच दाबा.”

त्यांनी बोट पुढे केलं. दिव्याचा जोर ठरवायची चकती सवयीने नेहमीच्या खुणेवर फिरवायला मी हात नेला आणि तो तिथेच थांबला. नेहमीच्या खुणेवर काय होतं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? जाळी उभी राहते, आणि आतल्या निम्म्याहून जास्त पेशी त्या उजेडात मरतात. ‘माझ्या कातडीत जीव नाही’ म्हणणारी ही बाई. तिच्याच बोटाने तिच्याच पेशी मारवून घ्यायच्या आणि वर तिला ‘बघा कसं छान झालं’ म्हणायचं? माझ्याच्याने ते होईना. मी चकती पार खाली आणली, जिथे आजवर एकही जाळी टिकली नव्हती तिथे. राहू दे मऊ. हिला कुठे उचलून बघायचीय?

“दाबू?”

“दाबा.”

चौकोनावर निळा उजेड पडला. त्यांच्या बोटांवरही पडला. मग दिवा आपोआप विझला.

“झालं?”

“झालं.”

“उचलून दाखवा न मंग.”

आली का पंचाईत! मी काहीतरी सबब शोधत चिमटा हातात घेतला, चौकोनाचं एक टोक अलगद धरलं आणि तो फाटायची वाट पाहिली.

चौकोन उचलला गेला.

ओल्या रुमालासारखा तो चिमट्याला लोंबत होता. चारही कडा सरळ. जाळीचं एकूण एक भोक जागेवर. मी तो परत काचेवर ठेवला. पुन्हा उचलला. हलकेच हलवला. तो थरथरला, पण ओघळला नाही.

“कडक झालं का?” यमुनाबाईंनी विचारलं.

मागून दारातून आवाज आला, “काय झालं?”

बारलिंगे सर होते. ज्यांना काही माहीत नव्हतं ते सर टोपी, मास्क चढवून आत आले होते.

“सर, हा तुकडा उभा राहिला.”

“मग? लाइट किती दिला?”

“सगळ्यात कमी.”

“शक्य नाही.”

मी चकतीकडे बोट दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं. मग चौकोनाकडे पाहिलं, चिमटा माझ्या हातातून घेऊन स्वतः उचलून पाहिलं. मान वर करून बंद एसीकडे पाहिलं आणि एकदम यंत्राच्या काचेच्या कडेला तळहात टेकवला. काच कोमट होती.

“हे छापलंस कधी?”

“ताई यायच्या आधी. मग आम्ही जिन्यात बसलो होतो.”

“आणि तोवर हे इथेच पडून होतं? असंच? उजेडाशिवाय?”

मी मान हलवली. सरांचा तळवा तसाच काचेवर. रागावले असावेत असं मला वाटलं. यमुनाबाईंनाही वाटलं असावं.

“बिघडलं का काही?” त्या घाबरून म्हणाल्या. “मी बाहेर बसली मनून उशीर झाला. या मॅडमचा काही दोष नाही साहेब.”

सर त्यांच्याकडे वळले. रुग्णांशी बोलायची त्यांना सवय नव्हती. वॉर्डात ते कधी गेले नव्हते. त्यांनी एक स्टूल ओढून पुढे केलं.

“बसा बाई. काही बिघडलं नाही.” मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “आपण याला कधी विरजूच दिलं नाही, हर्षदा. गारठ्यात छापायचं आणि लगेच उजेडाचा मारा. कोलॅजनच्या तंतूंना एकमेकांशेजारी बसायला वेळ तरी कुठे दिला? पसरेल, पसरेल म्हणून भीत राहिलो. उबेत ठेवलं असतं तर त्यांचे ते आपणहून बसले असते, मग उजेडाने नुसती गाठ मारायची.” आणि लगेच बोट वर केलं. “असं वाटतंय. सिद्ध काही झालेलं नाही. एक तुकडा म्हणजे काहीच नाही.” पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

“माह्या पेशी दाखवनार होत्या तुमी,” यमुनाबाईंनी मला आठवण करून दिली. आमच्या तंतूंशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं.

सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावलेला होता आणि बाटलीतल्या पेशींचं रात्रभर केलेलं चित्रण बॅटरीवरच्या संगणकात होतं; रात्रभरात जे घडलं ते मिनिटभरात पळत दिसतं. पण पडदा टेबलावर उंच होता आणि यमुनाबाईंची मान तिथवर वर होईना. त्या डोळे ताणून बघायला लागल्या. मी काही करायच्या आत सरांनी तारा सांभाळत तो पडदा उचलला आणि त्यांच्या पायाशी दुसऱ्या स्टुलावर आणून ठेवला. मग स्वतः शेजारी उकिडवे बसले.

मी चित्रण सुरू केलं. राखाडी पडद्यावर लांबट, टोकदार पेशी दिसू लागल्या. त्या हात पसरत होत्या, पुढे सरकत होत्या, एकमेकींना धडकून वळत होत्या. एक गोल झाली, थरथरली आणि मधोमध दुभंगून दोन झाली. दोघी दोन दिशांना चालत्या झाल्या.

“एकाचे दोन झाले!” यमुनाबाई ओरडल्याच.

“हो.”

“हे माहं हाय?”

“तुमचंच.”

“परत लावा.”

मी परत लावलं. मग आणखी एकदा. त्या गुडघ्यांवर हात ठेवून पुढे झुकल्या होत्या. “पोट्ट्यायसारखं करून राह्यले,” त्या म्हणाल्या. “घंटी झाली का एका जागी बसत नाहीत. हे पाय, हे कसं धक्का देऊन पळालं.” मास्कच्या वर त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसले नाहीत.

“मंग गळ्यावरची काऊन मेली?”

उत्तर सरांनी दिलं. “जंतू झाले म्हणून. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच खरं आहे बाई. कातडीचा दोष नव्हता. ही बघा की.”

यमुनाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे हात केला. “डॉक्टरीनबाईले फोन लावता का?”

मी लावून दिला. पलीकडून नसरीन मॅडम काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं. यमुनाबाई म्हणत होत्या, “मी बोलून राह्यली, यमुना. गाडी गेली तं जाऊ द्या, दुसरी हाय. दुसऱ्या मांडीचं काय मनत होत्या तुमी? पुन्यांदा सांगा बरं नीट.”

दुसऱ्या दिवशी समिती आली. सकाळी आम्ही त्या चौकोनात रंग घालून पाहिलं होतं. जिवंत पेशी हिरव्या चमकतात, मेलेल्या लाल. चौकोन हिरवागार होता. शेतात धान उभं राहावं तसा. मला वाटलं, सर आता तोच पुढे ठेवणार. त्यांनी आधी सगळे फसलेले तुकडे दाखवले, आणि शेवटी हा ठेवून म्हणाले, “काल एक तुकडा उभा राहिला, आणि आतल्या पेशी जिवंत आहेत. उबेमुळे राहिला असं मला वाटतं, पण एका तुकड्यावर मी छातीठोकपणे सांगणार नाही. पुन्हा पुन्हा करून बघायला आम्हाला मुदत द्या. नाही जमलं तर मी स्वतः प्रकल्प बंद करतो.”

समितीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या एक वयस्क बाई, ज्या सकाळपासून अक्षर बोलल्या नव्हत्या, त्या म्हणाल्या, “मला तो परत एकदा बघू द्या.” सूक्ष्मदर्शकावर त्या बराच वेळ डोळा लावून उभ्या होत्या. आम्हाला मुदत मिळाली.

मुदत लागलीच. ऊब किती, किती वेळ, शाई किती घट्ट, यात आम्ही पुष्कळ दिवस घातले. कधी उबेने जाळी विस्कटली, कधी उजेड कमी पडला. पण हळूहळू आमच्या हाताला ते वळण बसलं. आधी ऊब, मग थोडासा उजेड. मांडवही उभा आणि वऱ्हाडही जिवंत. हैदराबादला मी गेले नाही. सरांना त्याबद्दल कधी सांगितलंही नाही. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

यमुनाबाईंचं ऑपरेशन त्याच पावसाळ्यात झालं. आमच्या जाळीचा त्यात काही वाटा नव्हता. माणसाच्या अंगावर लावायची तिला परवानगी नव्हती, तिला अजून फार लांबचा पल्ला गाठायचा होता. नसरीन मॅडमनी नेहमीच्याच पद्धतीने त्यांच्याच मांडीची कातडी लावली आणि या खेपेला ती धरली. दिवाळीनंतर यमुनाबाई शाळेत परत रुजू झाल्या. अधूनमधून त्यांचा फोन यायचा. “माहे पोट्टे कसे हायत?” हा पहिला प्रश्न. मी सांगायचे, मजेत आहेत, काहींना गोठवून ठेवलंय, काही उंदरांच्या पाठीवर गेलेत. “उंदराच्या?” आणि मग त्या पोट धरून हसायच्या.

मग वर्षं गेली. उंदीर झाले, ससे झाले, परवानग्यांच्या चकरा झाल्या. सर निवृत्त झाले, तरी दर आठवड्याला येऊन खुर्ची धरून बसत. नसरीन मॅडमचे केस पांढरे झाले. आणि एके दिवशी त्यांनी आमची जाळी पहिल्यांदा माणसाच्या अंगावर बसवली. पट्टी सोडायच्या दिवशी मी वॉर्डात होते. मॅडमनी शेवटचा थर उचलला, चष्मा सावरून वाकून पाहिलं आणि माझा दंड घट्ट धरला.

बाहेर पडवीत येऊन मी पहिला फोन सरांना केला. दुसरा पवनीला.

मागे ताटल्यांचा खणखणाट आणि पोरांचा गलका ऐकू येत होता. मधल्या सुट्टीची वेळ असावी.

“यमुनाताई, जाळी लावली. माणसाला.”

“अगं बाई! कोनाले?”

“नाव सांगता येत नाही. मुलगी आहे एक. कॉलेजात शिकते. हात भाजला होता.”

“धरली का?”

“आज पट्टी सोडली. धरलीय.”

कोणावर तरी त्या ओरडल्या, रांगेत उभे राहा म्हणून. मग फोन तोंडाजवळ आणून म्हणाल्या,

“आता तिले खाज सुटन. गजब सुटन, झोपू देनार नाही. खाजवू नोको मनाव, वरून हळूच थापटाव. तिची माय नसन जवळ तं तुमी थापटजा. आन् तिले सांगजा, खाज सुटली मंजे कातडी जित्ती हाय.”